टाकी बुजवली म्हणजे जबाबदारी संपली काय?

कणकवली परिसरात घरबांधणीचे आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम बारमाही चालते. मुंबईत नोकरी करणारा चाकरमानी असो की आखातात कमावणारा आपला तरुण, हाती चार पैसे जमले की तो प्रथम गावचे घर बांधायला घेतो. या कामावर गवंडी, प्लंबर, चिऱ्यांचे वाहतूकदार आणि हार्डवेअरचे दुकानदार अशा अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. त्यांत आपले बांधवही आहेत. म्हणूनच या धंद्यातील एका उणिवेबद्दल स्पष्ट बोलणे आम्हाला आवश्यक वाटते. ती उणीव म्हणजे संडासाच्या टाकीचे आणि सांडपाण्याच्या निचऱ्याचे काम.

घरमालक फरशी चार दुकाने फिरून पसंत करतो, रंग दोनदा बदलून घेतो. टाकी मात्र कोणी वाकून पाहत नाही. मालक परदेशी, घरी वडीलधारी माणसे, आणि ठरलेले सगळे तोंडी. 'न्हाणीघर, संडास, टाकीसह एवढे' असे उक्ते काम दिले जाते. उक्त्या कामात खर्च वाचवायचा तर तो जमिनीखाली वाचवणे सर्वांत सोपे. तळाला काँक्रीट नाही, चिऱ्याच्या भिंतीला आतून गिलावा नाही, पाइपाला 'टी' नाही. वर झाकण बसले, माती पडली, हिशेब चुकता झाला.

आपल्या भागात ही काटकसर फार महागात पडते. इथली जमीन जांभ्याची. जांभा दगड सच्छिद्र, त्यात भेगा पुष्कळ, आणि पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरातला. गळक्या टाकीतले पाणी या दगडातून पाझरत जाते आणि त्याच अंगणात आपली पिण्याच्या पाण्याची विहीर असते. कावीळ, विषमज्वर, हगवण ही दुखणी अशा पाण्यातून येतात. २०१६ साली ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सपाट प्रदेशातील जिल्ह्यांत सिंधुदुर्ग देशात पहिला आला, याचा आम्हालाही अभिमान आहे. परंतु संडास बांधून झाले म्हणजे काम निम्मेच झाले. उरलेले निम्मे जमिनीखाली आहे.

चांगली टाकी म्हणजे काय, हे गूढ नाही. भारतीय मानक ब्युरोचे आयएस २४७० हे मानक १९८५ सालचे आहे. पाच माणसांच्या घराला सुमारे पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि पाण्याची खोली साडेतीन फूट एवढी टाकी त्यात सांगितली आहे. त्यावर फूटभर मोकळी जागा हवी. तळ आणि भिंती पाणी न झिरपणाऱ्या असाव्यात, आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाइपाला 'टी' असावी, हवेचा पाइप असावा. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट, आणि घरापासून किमान ६ मीटर दूर हवा.

आता तीन गुंठ्यांचा चौकोनी प्लॉट घ्या. त्याची एक बाजू साठ फूटही भरत नाही. म्हणजे आपली विहीर सांभाळून खोदलेला शोषखड्डा शेजाऱ्याच्या विहिरीजवळ जाण्याचा संभव असतो. म्हणून खड्डा खणण्यापूर्वी जमिनीचा उतार आणि शेजारची विहीर पाहणे हे मिस्त्रीचे काम आहे, आणि शेजाऱ्याशी दोन शब्द बोलणे हे मालकाचे. जिथे अंतर साधतच नाही, तिथे टाकीच्या गिलाव्यात एक रुपयाचीही काटछाट नको.

देखभालीचेही तेच. पागोळ्यांचे पाणी टाकीत सोडू नये. अॅसिड आणि फिनेल ओतत राहिल्यास मैला कुजवणारे जंतू मरतात व टाकी लवकर भरते. दोन-तीन वर्षांनी पावसाळ्यापूर्वी टाकी उपसून घ्यावी. उपसलेला गाळ रात्री व्हाळात, गड किंवा जानवली नदीत सोडणारा माणूस स्वस्त पडला, तरी त्याला काम देऊ नये.

टाकीत माणूस उतरवणे तर सर्वांत वाईट. आतला वायू दिसत नाही आणि क्षणात बेशुद्ध करतो. पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो, असे प्रकार देशात वारंवार घडले आहेत. २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. 'दोनशे रुपये जास्त घे, पण उतर' असे म्हणणाऱ्या मालकाने आणि ठेकेदाराने हे ध्यानात ठेवावे.

यंत्राने उपसा करण्यात धंदा आहे काय, असे कोणी विचारील. सातारा जिल्ह्यातील वाईचे उदाहरण पाहावे. तिथल्या नगरपरिषदेने २०१८ साली प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा उपसण्याची योजना सुरू केली. काम खासगी ठेकेदाराकडे दिले, गाळ प्रक्रिया केंद्रावर नेण्याची सोय केली. सिन्नरनेही तोच मार्ग धरला. म्हणजे ठेकेदाराला वर्षभर ठरलेले काम मिळाले आणि घरमालकाची टाकी तुंबण्याआधी रिकामी होऊ लागली. आपल्याकडे दोन-चार होतकरू तरुणांनी मिळून टँकर घ्यावा, गाळ कुठे न्यायचा हे नगरपंचायतीशी आधी ठरवून घ्यावे, आणि मग या धंद्यात उतरावे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गवंडी-मिस्त्रीने काम घेताना एक कागद द्यावा. त्यावर टाकीची मापे, विहिरीपासूनचे अंतर, मालाचा व मजुरीचा वेगवेगळा खर्च आणि गळतीबद्दल किती काळ जबाबदार राहणार हे लिहावे. माती टाकण्यापूर्वी टाकी पाण्याने भरून एक दिवस तशीच ठेवावी आणि पातळी उतरते का, ते मालकाला दाखवावे. मालक परदेशात असेल तर मोबाइलवर फोटो पाठवावा. हार्डवेअरच्या दुकानदारांनी असे कोरे छापील कागद गल्ल्यावर ठेवावेत. खर्च नगण्य आहे.

मालकांनीही उलट बाजू पाहावी. सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला काम द्यायचे आणि मग पक्क्या कामाची अपेक्षा करायची, हे न्यायाचे नाही. जो कारागीर कागद देतो, त्याला दोन पैसे जास्त द्यावेत आणि ते वेळेवर द्यावेत. तोंडी व्यवहारात भांडण झाले की दोघेही शपथा घेतात. कागद असला तर भांडण बहुधा होत नाही, आणि झालेच तर ग्राहक आयोगापुढे ठेवायला हाती पुरावा असतो. येत्या पावसाळ्यापूर्वी जी कामे निघतील, त्यांपासूनच ही पद्धत आपल्या कारागिरांनी सुरू करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.