पाचवा गिअर आणि आजोबांची गाडी

आमच्याकडे आजोबांनी घेतलेली १९७२ ची अँबेसेडर मार्क टू आहे. तिला गिअर चारच. चौथ्यात इंजिन आणि मागे जाणारा शाफ्ट एकाच गतीने फिरतात. त्यामुळे बेळगावहून धारवाडला जाताना इंजिन सारखे घुमत असते. पुढे इसुझू इंजिनाच्या अँबेसेडरला पाच गिअरची पेटी आली. ती आपल्या गाडीला बसवू, असे मी सुचवताच बाबा म्हणाले, "मग ती आजोबांची गाडी कशी राहील?"

प्रश्न खोटा नाही. पाचव्याचे प्रमाण ०.८ धरले, तर त्याच वेगाला इंजिनाच्या मिनिटाला ३,००० ऐवजी २,४०० फेऱ्या होतील. आवाज आणि झीज कमी होईल. पण स्टिअरिंगजवळचा दांडा जाईल, नव्या दांड्यासाठी तळाचा पत्रा कापावा लागेल. आणि ड्रम ब्रेक जुनेच राहतील.

तरीही माझे मत बदलाच्या बाजूचे आहे. आजोबांनी गाडी प्रवासासाठी घेतली होती. मात्र जुनी पेटी ग्रीस लावून जपावी, कापलेला पत्राही ठेवावा, आणि पाचवा गिअर इंजिनाच्या विसाव्यासाठी आहे, शर्यतीसाठी नाही, हे चालवणाऱ्याने विसरू नये.

बाबांनी होकार दिलेला नाही. परवा एवढेच विचारले, "जुनी पेटी ठेवणार कुठे?"