निवडणे आणि निभावणे

"यात ना चेंडू, ना शर्यत, ना मारामारी. नुसते वाचतच बसायचे, तर ग्रंथालयातली कादंबरी काय वाईट?" माझ्या एका मित्राचा हा प्रश्न. मी त्याला 'क्लॅनाड' नावाचा जपानी खेळ दाखवत होतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

या प्रकाराला 'व्हिज्युअल नॉव्हेल' म्हणतात. पडद्यावर चित्र, मागे संगीत आणि खाली ओळीओळीने सरकणारा मजकूर. मधेच कथा थांबते आणि दोन-तीन पर्याय पुढे येतात. तिच्याशी बोलायचे, की मुकाट्याने निघून जायचे? आपण जे निवडू त्याप्रमाणे कथेला फाटे फुटतात. १९९२ साली चुनसॉफ्ट या कंपनीने 'ओतोगिरिसो' ही अशीच एक भयकथा काढली. १९९४ साली कोनामीच्या 'तोकिमेकी मेमोरियल'ने शाळकरी प्रेमाचा खेळ जपानात लोकप्रिय केला. 'क्लॅनाड' २००४ सालचा, त्याचा मुख्य लेखक जुन माएदा. इंग्रजी आवृत्ती २०१५ साली आली. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्याला ती शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचावी लागली.

अशा खेळांवर एक मोठा आक्षेप आहे. बरोबर उत्तरे दिली की मुलगी प्रसन्न होते. म्हणजे यंत्रात नाणे टाकायचे आणि प्रेम बाहेर काढायचे! 'तोकिमेकी मेमोरियल'मध्ये तर अभ्यास, खेळ, रूप यांचे चक्क आकडे वाढवावे लागतात. आक्षेप खोटा नाही, कारण मी स्वतः तसाच खेळलो. कोणत्या प्रसंगी कितवा पर्याय घ्यावा याची आयती यादी मिळवली आणि अपेक्षित प्रश्नसंच घोकून पेपर लिहावा तशा पहिल्या दोन कथा संपवल्या. त्यातली एक कोतोमीची. तिचे शास्त्रज्ञ आईवडील विमान अपघातात गेले. त्यांची बॅग अनेक अनोळखी माणसांच्या हातांतून प्रवास करत कित्येक वर्षांनी तिच्यापर्यंत पोहोचते, आणि आत तिच्यासाठी घेतलेले खेळण्यातले अस्वल असते. अशा प्रसंगी मी काय करत होतो? पुढचा पर्याय कितवा ते यादीत पाहत होतो! उत्तरे सगळी बरोबर आली, पण हाती काही लागले नाही. मग मात्र ती यादी मी बंद केली.

यादी बाजूला पडल्यावर कान उघडले. मजकूर इंग्रजी असला तरी कानावर मूळ जपानी संवाद पडत असतात. आपल्याकडे 'अहो'चे 'अरे' होते, कन्नडात 'नीवु'चे 'नीनु' होते, तसे जपानीत नावापुढचा प्रत्यय बदलतो. नायिका नागिसा आधी नायकाला 'ओकाझाकी-सान' म्हणते. पुढे जवळीक झाल्यावर, लाजत लाजत, 'तोमोया-कुन' म्हणू लागते. इंग्रजीच्या एकुलत्या एका 'यू'मध्ये हे कोठून दिसणार? आणि हाच 'कुन' नायकाचे वडील लावतात, तेव्हा मात्र अंगावर काटा येतो. पत्नी अपघातात गेल्यावर हा माणूस दारूच्या आहारी गेलेला. बापलेकांच्या भांडणात मुलाचा खांदा कायमचा अधू झाला, त्याचे बास्केटबॉल सुटले. तेव्हापासून वडील त्याच्याशी परक्याशी बोलावे तसे अदबीने बोलतात. बापाने पोटच्या पोराला अहो-जाहो करावे, तसे!

शाळेच्या भागात पर्यायांची रेलचेल आहे. पसंत नाही पडले तर आधी राखून ठेवलेल्या जागी परत जाऊन दुसरी वाट धरता येते. अर्थशास्त्राच्या भाषेत, इथे संधी-खर्च शून्य. पण शाळा संपते, तोमोया विजेच्या खांबांवर चढून राबू लागतो, नागिसाशी त्याचे लग्न होते आणि पर्याय अगदी विरळ होतात. मुलीला जन्म देऊन नागिसा मरते. पहिल्या खेपेस आपण काहीही केले तरी ते टळत नाही. तोमोया मुलीला सासू-सासऱ्यांकडे टाकून पाच वर्षे स्वतःपासून पळत राहतो. शेवटी आजीकडून त्याला कळते, की याच वडिलांनी तरुणपणी सगळे सोडून एकट्याने त्याला वाढवले होते. तो वडिलांकडे जातो आणि म्हणतो, की तुम्ही पुष्कळ केलेत, आता विसावा घ्या.

सुखान्त शेवटही आहे. पण इतरांच्या कथांमधून, त्यांची दुःखे वाटून घेताना मिळालेले प्रकाशाचे गोळे गाठी असतील, तरच तो उघडतो. आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत, मागील पानावरची शिल्लक पुढे ओढलेली असावी लागते.

खेळात उणीव आहे, हे कबूल करतो. जिची वाट आपण धरली नाही ती मुलगी ग्रंथालयात आपली वाट पाहतच बसलेली. जणू नायकाखेरीज तिला जगात कोणी नाही आणि स्वतःचे दुःख तिला स्वतः निस्तरता येत नाही! हे खरे वाटत नाही, आणि खेळणाऱ्या मुलांच्या डोक्यात हे भरवणे बरेही नाही.

तरीही मित्राला माझे उत्तर असे. कादंबरीतली चूक नायकाची असते; इथे ती मी माझ्या बोटाने केलेली असते. बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आम्हा मुलांची चर्चा सध्या एकाच गोष्टीची चालते. सी. ए. करावे, बँकेच्या परीक्षा द्याव्यात की घरच्या दुकानात बसावे? निवड चुकली तर सारे बिघडले, असे आम्हाला वाटते. तोमोयाचे नुकसान मात्र चुकीच्या निवडीने झाले नाही. पत्करलेले निभावताना पाच वर्षे त्याने पाठ फिरवली, त्याने झाले. ती पाच वर्षे भरून काढायला त्याला खेळाने प्रकाशाचे गोळे दिले. आपल्याला ते कोण देणार?