सायलॅब अडते कुठे?

सायलॅब ही संगणकभाषा अभियांत्रिकी महाविद्यालयांत का रुजत नाही, असे विचारले की ठरलेली उत्तरे येतात. फुकटच्या वस्तूला किंमत नसते, खेड्यापाड्यांतल्या मुलांचे इंग्रजी कच्चे, आणि बाजारात तिला विचारतो कोण? यातली पहिली दोन टिकत नाहीत. तिसऱ्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

पायथनही फुकटच आहे. तिला कोणी हलकी म्हणत नाही. इंग्रजीचा बाऊ तर उगाचच. पायथनचे राखीव शब्द अवघे 35, सायलॅबचेही मोजकेच. शिवाय आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात सायलॅबचे धडे मराठी निवेदनासह आहेत. वडिवळ्यासारख्या खेड्यातल्या मुलाला ते घरी बसून पाहता येतात.

मग भाषाच तोकडी आहे का? वडिवळे धरणाच्या पातळीवरून पाणीसाठा काढायचा आहे असे धरा. पातळी आणि साठ्याच्या तक्त्यातल्या दोन नोंदींमधली किंमत काढणारी जी आज्ञा महागड्या मॅटलॅबमध्ये आहे, तीच त्याच नावाने सायलॅबमध्येही आहे. गाडी अडते ती टक्क्याच्या चिन्हावर. मॅटलॅबमध्ये या चिन्हापुढचा मजकूर शेरा समजून सोडून दिला जातो. सायलॅबमध्ये शेऱ्याला दोन तिरप्या रेघा लागतात, आणि टक्का लावायचा तो ‘पाय’ या संख्येच्या आधी. मॅटलॅबचा जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा चिकटवला की पहिल्याच शेऱ्यावर चूक येते. दुरुस्ती पाच मिनिटांची, पण ती करायची कोणी? वर्षानुवर्षे चालत आलेले जर्नल मॅटलॅबचे, सबमिशन त्याचेच, आणि एक्स्टर्नल व्हायव्हाला विचारणार तेही त्यातलेच. एकट्या विद्यार्थ्याने नवी वाट धरून मार्क का घालवावेत?

बाजाराचा आक्षेप मात्र गंभीर आहे. वाहनांच्या नियंत्रकांसाठी आकृतीवरून थेट कोड बनवणारे मॅटलॅबचे सिम्युलिंक उद्योगात रूढ आहे. सायलॅबचे एक्सकॉस तिथे कमी पडते. पण ही मागणी आभाळातून पडलेली नाही. क्लीव्ह मोलर यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस मॅटलॅब लिहिले ते विद्यार्थ्यांची फोरट्रानच्या कटकटीतून सुटका व्हावी म्हणून. ते तेव्हा विकाऊ नव्हते. मॅथवर्क्स कंपनी निघाली 1984 मध्ये. म्हणजे वर्ग आधी, बाजार नंतर. (फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत सायलॅबचे पूर्वज घडले तेही त्याच मूळ प्रोग्रॅमच्या प्रेरणेने.)

आयआयटी मुंबईच्याच फॉसी प्रकल्पाने वर्गातले हे दुखणे नेमके ओळखले. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या प्रकल्पात विद्यार्थी एखादे पाठ्यपुस्तक घेतात, त्यातली सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहितात, आणि तपासणीनंतर त्यांना मानधन मिळते. अशा शेकडो पुस्तकांचे प्रोग्रॅम आज कोणालाही मोफत मिळतात. जाहिरातबाजीपेक्षा हे काम कितीतरी भरीव, कारण मुलाच्या हातात परीक्षेचेच पुस्तक असते.

‘आता पायथन आहे, सायलॅब हवी कशाला?’ हा नवा सूर. आकडेमोडीपुरता तो ठीक; पण नियंत्रणप्रणालीची ठोकळ्यांची आकृती जोडून लगेच चालवून पाहण्याची एक्सकॉससारखी सोय पायथनच्या मूळ संचात नाही. तेव्हा विद्यापीठांनी निदान नियंत्रणप्रणाली या विषयाचे एक तयार जर्नल सायलॅबमध्ये द्यावे, परीक्षकांना त्यावरच प्रश्न विचारायला सांगावे आणि सिम्युलिंक शेवटच्या वर्षाच्या ऐच्छिक विषयात ठेवावे. परवान्याचा खर्चही मग तेवढ्या तुकडीपुरताच पडेल.