यंत्राचे भय आणि मोहिनीविद्या



बेज्जूरच्या एका सूनबाईंचे पत्र माझ्यापुढे आहे. पत्र चार पानी असून त्यातील घरगुती मजकूर गाळून मुख्य गोष्ट तेवढी येथे सांगतो. बेज्जूर हे मूळचे आदिलाबाद जिल्ह्यातील गाव. २०१६ साली तेलंगणात जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हापासून ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. त्या भागातून प्राणहिता वाहते व नदीच्या पैलतीरी महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा लागतो. बाईंच्या घरी चुलीपाशी मराठी व बाजारात तेलुगू असा व्यवहार आहे.

त्यांच्या सासूबाई विधवा असून वय अडुसष्ट. दोन वर्षांपूर्वी पेन्शन घ्यावयास गेल्या असता यंत्राने त्यांचा अंगठा तीन वेळा नाकारला. मागच्या रांगेतील कोणी हसले, कोणी ओरडले, आणि त्या रिकाम्या हाताने घरी परतल्या. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या फोनवर एका अनोळखी माणसाने ‘तुमचे खाते बंद होत आहे, फोन खाली ठेवू नका’ असा दम भरला. त्यांनी फोन ज्वारीच्या कणगीत टाकून दिला. त्या दिवसापासून फोन वाजला की त्यांचे हात कापतात. पेन्शनच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मुलगा हैदराबादेस बांधकामावर असून दर रविवारी फोन करतो, परंतु आईने तीन महिने त्याचा आवाज ऐकलेला नाही. आता तालुक्याच्या बाजारात एक गृहस्थ आले असून ते तीन बैठकींत संमोहनाने कोणतेही भय ‘मुळापासून उपटून’ देतात. दक्षिणा तीन हजार रुपये. बाई विचारतात: ‘फादर, हे आपल्या धर्मात चालते काय? आणि याने गुण येतो काय?’

कित्येकांना वाटेल की मोहिनीविद्या हा शब्द कॅथलिक साप्ताहिकात शोभत नाही. तथापि या विद्येला शास्त्राच्या वाटेवर आणणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक कॅथलिक धर्मगुरू होता, आणि तो आपल्या शेजारच्या गोव्याचा होता. पणजीस जुन्या सचिवालयापाशी, आदिलशहाच्या राजवाड्याजवळ, एक पुतळा आहे. झगा घातलेला पुरुष दोन्ही हात पुढे करून उभा असून त्याच्या पुढ्यात एक स्त्री मागे कलली आहे. पाहणाऱ्या परक्या माणसास तो जादूगार वाटतो. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. तो आबे फारिया यांचा.

जुझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म बारदेशातील कांदोळी येथे १७५६ साली झाला. आईवडील एकमेकांपासून वेगळे झाले. आई धर्मभगिनी झाली, वडील धर्मगुरू झाले व मुलाला घेऊन पोर्तुगालला गेले. मुलास १७८० साली रोम येथे गुरुदीक्षा मिळाली. पुढे लिस्बनमध्ये असता राणीच्या समक्ष प्रवचन देण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. परंपरेने सांगतात ते असे: दरबारी मंडळींची गर्दी पाहून तरुण गुरूंची जीभ टाळ्याला चिकटली. एक शब्द फुटेना. तेव्हा व्यासपीठाजवळ बसलेले त्यांचे वडील कोकणीत हळूच पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ म्हणजे, समोर बसले आहेत ते सर्व भाजीपाला समज आणि चालू दे तुझी विळी. त्यासरशी भीती गेली आणि प्रवचन सुरळीत पार पडले. एका शब्दाने घाबरलेल्या माणसाची अवस्था अशी पालटते कशी, हा प्रश्न त्यांच्या मनात तेथेच शिरला असे म्हणतात.

(मला या गोष्टीचे विशेष अगत्य आहे. २०२० साली टाळेबंदीत चर्च बंद असता मोबाईलसमोर मिस्सा अर्पण करावयाची वेळ आली, आणि वीस वर्षे तोंडपाठ असलेली प्रार्थना त्या काळ्या ठिपक्याकडे पाहताच मी विसरलो. शेजारच्या सिस्टरांनी पुटपुटून आठवण दिली म्हणून निभावले. तेव्हा सासूबाईंना हसणाऱ्यांत मी नाही.)

त्या काळी युरोपात मेस्मर नावाच्या वैद्याचा बोलबाला होता. वैद्याच्या देहातून एक अदृश्य द्रव वाहतो व रोग्यास बरे करतो, असे त्याचे म्हणणे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, जीत बेंजामिन फ्रँकलिनही होते, तपास करून सांगितले की असा द्रव सापडत नाही, परिणाम होतो तो कल्पनेचा. फारियांनी १८१३ साली पॅरिसमध्ये या विषयावर जाहीर व्याख्याने सुरू केली. माणसाला खुर्चीत बसवावे, मन एकाग्र करावयास सांगावे, व ‘झोपा’ अशी आज्ञा द्यावी, ही त्यांची रीत. त्यांचे मुख्य प्रतिपादन असे की सामर्थ्य संमोहन करणाऱ्यात नसते. जे घडते ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून घडते. लोकांनी त्यांची चेष्टा केली, रंगभूमीवर त्यांची नक्कल झाली. १८१९ साली त्यांचा ग्रंथ निघाला व त्याच वर्षी ते पॅरिसमध्ये निवर्तले. पुढे ड्यूमा या कादंबरीकाराने आपल्या कैदखान्यातील म्हाताऱ्या धर्मगुरूस त्यांचे नाव दिले, आणि जगाला आज तो कैदीच अधिक ठाऊक आहे.

आता बाईंचा पहिला प्रश्न. ख्रिस्तसभेने संमोहनाचा सरसकट निषेध केलेला नाही, सरसकट मुभाही दिलेली नाही. १८५६ साली रोमहून सर्व बिशपांना पत्र गेले. गुप्त गोष्टी पाहणे, मृतांशी बोलणे, भविष्य सांगणे अशा कामी या विद्येचा जो दुरुपयोग चालला होता त्यास त्यात कडक मनाई होती. त्यानंतर शंभर वर्षांनी, २४ फेब्रुवारी १९५७ रोजी, परमगुरू पोप बारावे पायस यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना उत्तर देताना सांगितले की वैद्यकीय कारणासाठी, शास्त्राचे व नीतीचे नियम पाळून डॉक्टराने संमोहन वापरले तर ते गैर नाही. मात्र ही मुभा संमोहनाच्या इतर सर्व प्रकारांना लागू करू नये, असेही त्यांनी बजावले. तेव्हा धर्माच्या दृष्टीने विचारावयाचे ते असे: हा मनुष्य वैद्य आहे काय, आणि तो कोणत्या हेतूने हे करीत आहे?

दुसरा प्रश्न गुणाचा. ब्रिटनच्या वैद्यक संघटनेने १९५५ साली व अमेरिकेच्या संघटनेने १९५८ साली हा उपचार वैद्यकात उपयोगी असल्याचे मान्य केले. शस्त्रक्रियेपूर्वीची भीती, दातांच्या वैद्याची धास्ती, काही प्रकारच्या वेदना, यांवर त्याचा उपयोग झालेला आहे. विशेषतः इतर मानसोपचाराची जोड असेल तेव्हा तो अधिक होतो. या उपचारात माणूस बेशुद्ध पडत नाही. तो स्वस्थ बसतो, श्वास संथ करतो, उपचारकाच्या शब्दांवर लक्ष ठेवतो, आणि ज्या गोष्टीचे भय वाटते ती मनात थोडी थोडी जवळ आणून पाहतो. आधी दुरून फोन, मग मेजावरचा फोन, मग हातातला, मग वाजणारा. सर्वांवर याचा सारखा परिणाम होत नाही. ज्यांस भास होतात वा ज्यांचे मन भ्रमिष्ट झाले आहे त्यांच्या बाबतीत हा प्रयोग घातकही ठरू शकतो. तीन बैठकींत ‘मुळापासून’ अशी हमी कोणताही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. आणि जो माणूस ‘माझ्यात शक्ती आहे’ म्हणून पैसे मागतो, त्याचे म्हणणे फारियांनी दोनशे वर्षांपूर्वीच खोडून ठेवले आहे. ते तीन हजार रुपये घरातच ठेवावेत.

पण याहून महत्त्वाची एक गोष्ट मला बाईंना सांगावयाची आहे. तुमच्या सासूबाईंचे भय एक नाही, त्यात तीन वेगळी भये मिसळली आहेत. तिन्ही एकदम उपटावयास गेलात तर चूक होईल.

पहिले भय फसवणुकीचे. हे उपटू नका! अंगठ्याच्या यंत्रावरून लोकांचे पैसे लुबाडले गेल्याचे गुन्हे देशात खरोखरच घडले आहेत. दम भरणारा तो फोन तर उघड ठकाचा होता. ‘फोन खाली ठेवू नका, कोणाशी बोलू नका, आत्ताच करा’ ही भाषा नीट ऐका. माणसाला विचार करू न देता हुकूम सोडावयाचा, हीदेखील एक मोहिनीविद्याच आहे, आणि आज तिच्याइतकी चालणारी दुसरी नाही. ज्वारीच्या कणगीत फोन टाकणाऱ्या बाईने त्या ठकाचा मंत्र तोडला. माझ्या मते त्या दिवशी घरातील सर्वांत शहाणे माणूस त्याच होत्या, हे त्यांना सांगा. यापुढे अशा वेळी फोन कणगीत टाकावयाची गरज नाही, बंद केला तरी पुरे. ओटीपी व पिन कोणासही सांगू नये. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, जाण्यासाठी लागतो, एवढे लक्षात ठेवावे. पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

दुसरे भय अज्ञानाचे. तेथे संमोहनाचा काय उपयोग? यंत्र तेलुगूत वा इंग्रजीत बोलते, पडद्यावर काय उमटले ते सासूबाईंना वाचता येत नाही. हे दुखणे नव्हे. तुमची मुलगी सातवीत आहे असे लिहिता. तिने आजीजवळ बसून रोज एकच गोष्ट शिकवावी. पहिले चार दिवस केवळ हिरवे बटन दाबून फोन उचलणे. फोन करणारी तीच असावी, शेजारच्या खोलीतून. मुलाचे छायाचित्र त्याच्या क्रमांकाला जोडून द्या, म्हणजे कोण बोलावते ते अक्षर न वाचता कळेल. छायाचित्र नसेल तो फोन उचलू नये, असे ठरवून टाका. आणि पोरीला ताकीद द्या: आजीच्या हातातून फोन हिसकावून ‘थांब, मीच करते’ असे म्हणावयाचे नाही. आपण सर्व शिकलेली माणसे हे पाप दररोज करतो.

तिसरे भय लाजेचे, आणि अंगठा कापतो तो याच भयाने. येथे संमोहनातील जो चांगला भाग आहे तो कोणासही दक्षिणा न देता घरी करता येईल. संध्याकाळच्या जपमाळेनंतर, दिवा मंद असता, सासूबाईंना भिंतीला टेकून बसवा. श्वास सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. मग डोळे मिटून त्यांनी पेन्शनची रांग पाहावी, यंत्र पाहावे, अंगठा ठेवलेला पाहावा, आणि यंत्राने तो नाकारलेलाही पाहावा. नाकारले म्हणजे काय झाले? बोट पुसले, पुन्हा ठेवले. हे मनात इतक्या वेळा घडू द्या की प्रत्यक्षात घडले तर ते नवे वाटू नये. पाचदहा मिनिटे पुरेत. घाबरे होऊ लागल्या तर डोळे उघडावेत व पाणी प्यावे.

त्यांना हेही सांगा की कष्टकरी माणसाच्या व वृद्धांच्या बोटांवरील रेषा झिजतात, त्वचा कोरडी पडते, व त्यामुळे यंत्रास ठसा उमटेनासा होतो. आधारच्या व्यवस्थेत इतर बोटे, डोळे व चेहरा यांवरूनही ओळख पटविता येते. आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने नोंदविता येतात, ते आधी करून घ्या. पेन्शनच्या दिवशी हात धुऊन, पुसून जावे. गर्दी ओसरल्यावर जावे. तुम्ही सोबत जा, परंतु बोलू त्यांना द्या. पैसे मोजून घ्यावेत, पावती मागावी, व पावतीवरील आकडा तुम्ही तेथेच मोठ्याने वाचून दाखवावा.

एवढे करूनही महिन्याभरात झोप येत नसेल, छातीत धडधड होत असेल, तर ते डॉक्टरांचे काम आहे, आणि त्यात संकोच नको. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. प्रथम तुम्ही स्वतः बोला, मग फोन त्यांच्याकडे द्या. तेथील तज्ज्ञांनी संमोहनाचा सल्ला दिला तर तो अवश्य घ्यावा.

हैदराबादच्या मुलाला मात्र आजच निरोप धाडा. येत्या रविवारी त्याने ठरल्या वेळी फोन करावा, दोनच मिनिटे बोलावे, आणि पेन्शनचे नाव काढू नये. पाऊस किती झाला, म्हैस दूध देते का, एवढेच विचारावे. आधारचे काम झाल्यावर कोणते बोट उमटले ते मला कळवा.