राउंडमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थिनीलाही बोलू द्या

ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं आणि एमबीबीएसच्या १०० जागा या भागात आल्या. बदलापूर-अंबरनाथचा रुग्ण आजवर छाया रुग्णालयात किंवा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात जायचा. गुंतागुंत वाढली की कळवा, नाहीतर मुंबई गाठायचा. म्हणून या कॉलेजचं स्वागतच आहे. मात्र इथल्या भावी डॉक्टरांना नर्सिंगच्या मुलींबरोबर शिकवायचं की नुसतं एका वॉर्डात उभं करायचं, हे आत्ताच ठरायला हवं.

नर्सिंगच्या मुलींची सहकार्याची तयारी असते. डॉक्टर-नर्स सहकार्याबद्दलचा दृष्टिकोन मोजायला अमेरिकेतल्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १५ विधानांची प्रश्नावली तयार केली. या विषयावरच्या अभ्यासांत नर्सिंगचे विद्यार्थी मेडिकलच्या विद्यार्थ्यांपेक्षा सहकार्याला अधिक अनुकूल असल्याचं वारंवार दिसलं आहे.

ही तयारी वॉर्डातल्या उतरंडीत विरते.

बाळंतिणीची नाडी १२० वर गेली, रक्तदाब ९०/६० वर आला, पॅड भिजून चादर ओली झाली. हे अनेकदा सगळ्यांत आधी दिसतं ते पोस्टिंगवरच्या विद्यार्थिनीला. ती स्टाफ नर्सला सांगते, स्टाफ नर्स इंटर्नला, इंटर्न निवासी डॉक्टरांना. अतिरक्तस्रावात एवढी वाट पाहायला वेळ नसतो. त्यात ‘सर ओरडतील’ म्हणून ती गप्प बसली, तर बाईच्या जिवावर बेततं.

बोलण्याची शिस्त लावता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी सुरक्षा यादी आणली. चीर देण्याआधी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि नर्स नाव व काम सांगून ओळख करून देतात. शेवटी नर्स स्पंज आणि अवजारांची मोजणी झाल्याचं मोठ्याने सांगते. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं.

गर्दीच्या ओपीडीत आणि अपुऱ्या मनुष्यबळात हे जमणार कसं, ही अडचण खरी आहे. पण राउंडमध्ये प्रत्येक खाटेपाशी नर्सिंगच्या विद्यार्थिनीने रुग्णाची स्थिती सांगायला मिनिटभर पुरतं. फोनवरची ऑर्डर नर्सने परत वाचून दाखवावी, इंटर्नने ‘बरोबर’ म्हणावं. अतिरक्तस्रावाची रंगीत तालीम दोन्ही शाखांनी एकत्र करावी आणि परीक्षेत तिचे गुण धरावेत. अंबरनाथच्या कॉलेजने परिसरातल्या नर्सिंग संस्थांना बोलावून याच सत्रापासून सुरुवात करावी.