प्रवेश निवडावा कसा?

मुंबईत 'ऑपेरा' म्हटले की निम्म्या लोकांना बसचा थांबा आठवतो. चर्नी रोडजवळचे ते रॉयल ऑपेरा हाऊस! १९११ साली पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, १९९३ साली ते बंद पडले आणि २०१६ साली पुन्हा नटूनथटून उभे राहिले. ऑपेरा म्हणजे ज्यात पात्रे बोलण्याऐवजी गातात ते नाटक, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण मराठी माणसाने त्याबद्दल फारसे बिचकण्याचे कारण नाही. आपल्या घरातच त्याचे सख्खे नसले तरी चुलत भावंड वाढलेले आहे. संगीत नाटक हे त्याचे नाव. ऑपेरात बहुधा सगळेच गाऊन सांगतात. आपण बोलतो, आणि बोलणे अपुरे पडले की गातो. मोझार्टच्या १७९१ च्या 'मॅजिक फ्लूट'मध्येही गाण्यांच्या मधे चक्क गद्य संभाषणे आहेत, तेव्हा ही रीत परदेशातही अगदीच परकी नव्हे.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, त्या काळी गाण्याचा सगळा भार सूत्रधारावर असे. तो गायचा आणि पात्रे त्याला साजेसे वागायची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि पात्रांच्याच तोंडी पदे घातली. शकुंतलेचे दुःख आता शकुंतलेच्याच गळ्यातून यायला लागले. केवढी मोठी सोय झाली! आणि तेव्हापासून आजतागायत नाटक बसवणाऱ्याची झोप उडाली, ती मात्र कायमची. कारण गाणाऱ्याला अभिनय येत नाही आणि अभिनय करणाऱ्याला गाता येत नाही.

ही झोप यंदा माझी उडाली होती. आमची चाळ लोअर परळची. ती आता पाडायची ठरली आहे. निम्मी बिऱ्हाडे भाडे घेऊन कल्याण, बदलापूर, नालासोपाऱ्याकडे पांगली. उरलेली सामान बांधून बसली आहेत. तेव्हा मंडळाच्या सभेत ठरले, की पांगण्यापूर्वी एक संगीत नाटक करायचे. मी पेटी वाजवतो. म्हणून नाटक बसवायचे काम माझ्या गळ्यात पडले. अख्खे नाटक करायचे तर पंधरा-वीस पात्रे, पाच-सहा गाणारे गळे आणि चार महिन्यांच्या तालमी हव्यात. आमच्याजवळ होते सहा आठवडे. म्हणून मी सुचवले, की नाटक नको, चार नाटकांतले चार प्रवेश करू.

प्रवेश कसे निवडावेत, याबद्दल वाचकांपैकी कुणाला कधी गरज पडलीच, तर अनुभवाचे दोन शब्द सांगतो. पहिला नियम असा, की पुस्तक उघडण्यापूर्वी घरातले गळे मोजावेत. लोक आधी आवडीचा प्रवेश ठरवतात आणि मग गाणारा शोधत फिरतात. हे म्हणजे आधी अंगरखा शिवून मग त्यात मावेल असा जावई पाहण्यासारखे आहे.

आमच्या मोजणीत चार गळे निघाले. तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी शास्त्रीय गाणे शिकते. एक बँकेतले गृहस्थ भावगीते बरी म्हणतात. टपाल खात्यातल्या एका तरुणाचा आवाज खडा आहे. आणि चौथे आजोबा. आजोबांचे वय सत्याहत्तर. तारुण्यात ते गिरणीच्या साचेखात्यात होते. पाळी सुटल्यावर रात्री बारानंतर तालीम, पहाटे अंघोळ आणि पुन्हा कामावर, अशी त्यांची नाटके चालत. 'सौभद्रा'तला कृष्ण त्यांनी किती वेळा केला, त्याचा हिशेब त्यांनाही नाही. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, मंडळी गावी गेली, आणि कृष्णाने पुढे वीस वर्षे पहारेकऱ्याची नोकरी केली.

"कृष्ण मीच करणार," आजोबा सभेत म्हणाले. कुणी काही बोलेना. रुक्मिणी व्हायची ती एकवीस वर्षांची मुलगी खाली मान घालून बसली.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीवर गेलो. म्हटले, "आजोबा, 'सौभद्रा'चा पहिला प्रवेश करू या. अर्जुन आणि नारद."

"म्हणजे मला नारद देता?" त्यांनी डोळे बारीक केले. "कृष्णाला म्हातारा ठरवलात ना?"

"कृष्णाला वय असते आजोबा, नारदाला नसते."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "पट्टी कोणती धरणार?" मी ओळखले, की नारद मिळाला.

दुसरा नियम पट्टीचा. मूळ नाटके लिहिली गेली तेव्हा स्त्रियांची कामेही पुरुषच करीत. नायक आणि नायिका दोघांचे गळे पुरुषाचेच असल्यामुळे एका सुरात प्रवेश पार पडे. आज नायिकेचे काम स्त्री करते, हे उत्तमच. पण नायक गातो काळी दोनमध्ये आणि नायिका काळी चारमध्ये. म्हणून शक्यतो एकाच पट्टीत बसतील असे प्रवेश घ्यावेत. नारद-अर्जुन दोघेही पुरुष, तेव्हा तिथे अडचण आली नाही. देवलांच्या 'शारदे'तला (१८९९) शारदा आणि तिच्या मैत्रिणींचा भाग सगळा मुलींचा. देवलांच्याच 'संशयकल्लोळा'तले (१९१६) फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचे तसबिरीवरून होणारे भांडण तर पदे गाळूनही उभे राहते. ते आम्ही न गाणाऱ्या एका नवराबायकोला दिले. त्यांना तालमीची फारशी गरज पडली नाही.

राहिला खाडिलकरांचा 'मानापमान'. तिथे धैर्यधर आणि भामिनी समोरासमोर, आणि दोघांची तोंडे दोन पट्ट्यांना. त्यावर उपाय असा, की दोन पदांमध्ये निदान अर्धा मिनिट गद्य राहू द्यावे, म्हणजे पहिला सूर कानातून उतरतो. पेटीवाल्याचे काय, त्याने हात सरकवला की झाले. पण तबला सुरात लावलेला असतो. म्हणून दोन तबले दोन सुरांत लावून शेजारी शेजारी ठेवावेत.

'मानापमाना'ची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १९११ साली हे नाटक मुंबईतच पहिल्यांदा झाले. पुढे ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मिळून ते ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात केले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. त्या रात्री थिएटरात बसलेल्यांना पुढचे काय ठाऊक असणार? होणारा प्रयोग शेवटचा आहे हे आधी क्वचितच कळते. आम्हाला आमचे ठाऊक होते, एवढाच फरक.

तिसरा नियम असा, की नाट्यपद म्हणजे बैठकीचे गाणे नव्हे. आमच्या मुलीचा आवाज गोड आणि तयारीही चांगली. शारदेला बाप पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघाला आहे, त्या जागेचे पद तिने म्हटले ते तानांसकट. आम्ही माना डोलावल्या. आजोबा कोपऱ्यातून म्हणाले, "पोरी, तुला म्हाताऱ्याला द्यायला निघालेत, आणि तू ताना घेतेस होय?"

"मग काय करू आजोबा?"

"आधी घाबर. मग गा."

पुढचे पंधरा दिवस आजोबांनी तिला पद गाऊच दिले नाही. नुसते शब्द बोलायला लावले. मग सुरात बोलायला आणि अगदी शेवटी गायला. तानांपैकी दोन राहिल्या. पण त्या दोन ऐकताना आमच्या घरची मंडळी पदराने डोळे टिपू लागली, तेव्हा मी तालीमवहीत खूण केली.

खरा तंटा झाला तो साथीवरून. मंडळातल्या तरुणांचे म्हणणे, "काका, हल्ली तयार ट्रॅक मिळतो. पेनड्राइव्ह लावला की ऑर्गन, तबला, सारंगी सगळे हजर." खर्चही वाचणार होता. तबलजी बाहेरून आणायचा म्हणजे मानधन आले, तालमींचे जाणेयेणे आले. बालगंधर्वांजवळ तबल्याला थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष असत, आणि आमच्याजवळ वर्गणीचे मोजके रुपये! तरी मी हटलो नाही. ट्रॅक बिनचूक असतो, पण त्याला कान नसतात. नट कुठे थांबला, कुठे त्याचा कंठ दाटला, ते त्याला कळत नाही. तीन सभा झाल्या. अखेर स्मरणिका छापायची नाही आणि ते पैसे तबलजीला द्यायचे, असे ठरले.

मग नाट्यगृह. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ सालचे. गिरणगावातल्या हौशी मंडळींचे ते माहेरघर, पण पुनर्विकासासाठी २०२३ मध्ये त्याचा पडदा पडला. आम्ही एका शाळेचे सभागृह घेतले. पैठण्या घराघरांतून आल्या. पगड्या आणि नारदाची वीणा कपडेपटवाल्याकडून भाड्याने. मागे एकच काळा पडदा लावला आणि प्रत्येक प्रवेशापूर्वी चार वाक्यांचे निवेदन ठेवले. आजच्या मुलांना सुभद्रा अर्जुनाची कोण, हे सांगावे लागते, आणि सांगितले की ती ऐकतात.

प्रयोगाला कल्याण-बदलापूरची मंडळी शेवटच्या गाडीची वेळ विचारून घेऊन आली होती. सभागृह भरले. पडदा सरकला, आजोबा वीणा घेऊन आले आणि टाळ्या पडल्या. पहिले पद छान उठले. दुसऱ्या चरणावर त्यांचा श्वास संपला. तोंड उघडे, सूर नाही. मी विंगेतून पाहत होतो असे नव्हे. मी पेटीवरच होतो. मी त्यांचा षड्ज धरून ठेवला. तबलजीने ठेका न सोडता एक आवर्तन फिरवले, मग दुसरे. अर्जुन झालेला तरुण हुशार; त्याने हात जोडून मुनिवर्यांसमोर मान लववली, जणू हे असेच बसवलेले होते. तिसऱ्या आवर्तनाला आजोबांनी नेमकी सम पकडली आणि चरण पुरा केला. समोरून 'वन्स मोअर' आला. आजोबांनी वीणेवरचा हात उचलून तो नम्रपणे नाकारला. त्या क्षणी ते मला नारदापेक्षा कृष्णच जास्त वाटले.

खाली उतरल्यावर ट्रॅकवाला तरुण माझ्याजवळ आला. "काका, तो थांबला नसता," एवढेच म्हणाला.

आता दिवाळीनंतर आमच्याही खोलीला कुलूप लागेल. पण तालीम मोडलेली नाही. मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्गांवरच्यांना सोयीचे म्हणून दादरला एकाच्या घरी दर दुसऱ्या रविवारी जमायचे ठरले आहे. आजोबा बदलापूरहून येतात. शारदा त्यांना स्टेशनवर उतरवून घेते आणि वाटेत पुढच्या पदाचे शब्द बोलून दाखवते. गाणे अजून दोन महिने मिळणार नाही, असे तिला बजावण्यात आले आहे.