चाळ सोडताना भाडे कोणाचे?

बेळगाव-चंदगड भागातून पोटासाठी मुंबईला गेलेल्या पुष्कळांचा पत्ता म्हणजे गिरणगावातील चाळ. माझ्या आईचे मामा गिरणीत होते. लहानपणी मे महिन्यात आम्ही गेलो की त्यांच्या एका खोलीत नऊ-दहा अंथरुणे पडत. म्हणूनच बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासाच्या बातम्या वाचताना माझे लक्ष नव्या उंच इमारतींपेक्षा मधल्या काळातील भाड्याकडे जाते.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील या चाळी १९२० च्या दशकात सरकारनेच बांधल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची; तिच्या बदल्यात आता ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्याही गेल्या. योजना चांगली आहे, याबद्दल वाद नाही.

नवे घर होईतो पात्र रहिवाशाने संक्रमण शिबिरात जावे किंवा दरमहा २५,००० रुपये भाडे घ्यावे, अशी सोय केली गेली. पण हा हिशेब खोलीमागे आहे. खोली एक, भाडे एक. आत मात्र दोन विवाहित भाऊ, त्यांची मुले आणि म्हातारी आई! चाळीत हे निभते, कारण रात्री कोणी पॅसेजमध्ये झोपतो, कोणी गच्चीवर. भाड्याच्या घरात ती मुभा नाही. शिवाय घरमालकाची अनामत आणि दलालाची दलाली आधीच मोजावी लागते. मग पैसे थोरल्याच्या खात्यात जमा होतात आणि धाकटा बायकामुलांसह सासुरवाडीचा रस्ता धरतो.

खोली रिकामी करतानाच प्रत्यक्ष राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची शिधापत्रिका व मतदारयादीवरून नोंद व्हावी आणि भाड्याचा वाटा थेट ज्याच्या त्याच्या खात्यात जावा, असे मला वाटते. यामुळे खोट्या वाटेकऱ्यांचे पेव फुटेल, असे कोणी म्हणेल. परंतु येथे रक्कम वाढत नाही, दुसरे घरही द्यावे लागत नाही. मग खोटे बोलून सरकारला लुटणार ते काय?

साडेबारा हजारांत वरळीत घर मिळणार नाही, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कळते. तरीही आपला वाटा आपल्या हाती असला, तर धाकट्याला थोरल्यापुढे हात पसरावा लागणार नाही. नवे घर होईपर्यंत जुने नाते टिकले पाहिजे. नाहीतर ५०० चौरस फुटांत राहायला येणार कोण?